घरातील सक्षम व्यक्ती

४ फेब्रुवारी

परवाना कार्यालयात खिडकी क्रमांक चारच्या बाई म्हणाल्या, "काका, सगळ्याच्या तारखा लिहून ठेवा हं. नंतर विचारतात." अहो बाई, तीस वर्षं वजनमापे खात्यात दुकानदारांचे तराजू तपासलेत मी, तारखा लिहायच्या असतात हे मला नका शिकवू, असं मी म्हणालो. मनात. तोंडाने "बरं" म्हणालो आणि घरी येऊन ही जुनी वही काढली.

प्रकरण असं आहे. मावशीचा कामाचा परवाना १० मार्चला संपतो. ती परदेशातून आलेली तात्पुरती कामगार, परवाना दोनच वर्षांचा. पुढे ठेवायची तर अर्ज तिने नाही, मालकाने करायचा. म्हणजे मी. जन्मभर नोकरी केली आणि एकसष्टाव्या वर्षी मालक झालो, तोही फक्त अर्जात! मालकाने आधी दाखवून द्यायचं की या कामाला इथलं माणूस मिळत नाही. त्यासाठी एकवीस दिवस जाहिरात द्यायची, येतील त्यांच्या मुलाखती घ्यायच्या, ज्यांना नको म्हटलं त्यांना का नको म्हटलं ते लेखी द्यायचं. मग घराची पाहणी. मग मंजुरीचं पत्र. पत्र नाही तर मावशी नाही.

आणि मावशी नाही तर अप्पा जेवणार नाहीत. दोन वर्षांपूर्वी झटका आला तेव्हापासून माझे वडील फक्त तिच्या हातचं खातात. अर्जात या गोष्टीला रकाना नाही.

६ फेब्रुवारी

जाहिरात आली. 'पक्षाघात झालेल्या ८७ वर्षांच्या गृहस्थांची पूर्णवेळ काळजी घेण्यासाठी माणूस हवे. उचलणे, कूस बदलणे, आंघोळ, भरवणे.' शेवटी मी 'धीर हवा' असं लिहिलं होतं. ते कार्यालयाने काढायला लावलं. म्हणे, धीर मोजता येत नाही. मोजता येत नाही ते लिहू नये हे मीच लोकांना तीस वर्षं ऐकवलंय, त्यामुळे काढलं.

अर्जातला मुद्दा चौदा: 'घरात रुग्णाची काळजी घेऊ शकेल अशी सक्षम व्यक्ती आहे काय?' मी लिहिलं, 'नाही. अर्जदार मुलगा, वय ६१, विधुर, पाठदुखी, या कामाचा अनुभव शून्य.' एकही शब्द खोटा नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मावशी म्हणतो खरं, पण ती माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान आहे. आली त्या दिवशी माझी ताई इथे होती, तिने "मावशी, इकडे या" अशी हाक मारली आणि तेच चिकटलं. आता ती स्वतःच दारात येऊन म्हणते, "मावशी आली." आपली भाषा तिला तिच्यापुरती येते. अप्पांना अरेतुरे करते. "अप्पा जेवला. अप्पा आज रागावला." अप्पांना चालतं. मी लहानपणी एकदा 'तू' म्हणालो होतो तर कान लाल केला होता माझा.

रविवारी तिला फोनवर तिची मुलगी दिसते. अकरा वर्षांची आहे, आजीजवळ असते, आई समोर असल्याशिवाय नीट जेवत नाही. म्हणून त्या वेळी मुलगी तिकडे ताट घेऊन बसते आणि ही इकडे फोन धरून. गंमत म्हणजे पोरगी घास उचलते आणि ही इथे तोंड उघडते. मी म्हटलं, "अगं, तू कशाला आ करतेस? तुझ्या तोंडात थोडंच पडणार आहे?" हसली. म्हणाली, "दादा, तोंड आपोआप."

१३ फेब्रुवारी

दोन उमेदवार आले. पहिल्या बाईंनी विचारलं, मुक्कामी राहायचं का. हो म्हटल्यावर चहासुद्धा संपवला नाही. दुसरा गडी चांगला धिप्पाड, इस्पितळात वॉर्डात काम केलेला. अप्पांना त्याने अलगद उशीसारखं उचललं. मी खूश. मग कुस्करलेलं केळं भरवायला घेतलं. अप्पांनी ओठ असे मिटले की चमचा आत जाईना. पाऊण तास त्याने प्रयत्न केला. शेवटी म्हणाला, "काका, हे माझ्याने नाही व्हायचं," आणि नमस्कार करून गेला.

खिडकीवर नाकारण्याचं कारण द्यायचं होतं. मी लिहिलं, 'रुग्णाने तोंड उघडले नाही.'

"हे कारण होत नाही, काका. कौशल्य नाही असं लिहा."

"पण कौशल्य होतं हो."

"मग ठेवा त्यालाच."

शेवटी 'उमेदवाराने स्वतः नकार दिला' असं लिहिलं. तेही खरंच आहे.

१७ फेब्रुवारी

आज मावशीला ताप होता म्हणून दुपारी भरवायला मी बसलो. शून्य ग्रॅम. मी वाटी आधी आणि नंतर काट्यावर ठेवतो, खात्यातली सवय. मावशीची नेहमीची दीडशे ग्रॅमच्या आसपास जाते. माझी जशीच्या तशी परत आली.

याचं कारण मला माहीत आहे. अप्पांचं धान्याचं दुकान होतं. मी खात्यात लागून वर्षही झालं नव्हतं आणि आमच्या भागाची तपासणी माझ्याकडे आली. साहेब म्हणाले होते, घरचं दुकान आहे, दुसऱ्याला पाठवतो. मी म्हटलं, नको, नियम सगळ्यांना सारखा. अप्पांच्या मोठ्या तराजूत किलोमागे वीस ग्रॅमचा फरक निघाला. मी लिहिला. दुकान आठ दिवस बंद राहिलं, दाराला सील मीच लावलं. गिऱ्हाइकांनी पाहिलं. त्यानंतर अप्पांनी माझ्या हातून पाण्याचा पेलासुद्धा घेतला नाही. भांडले नाहीत, बोलणं टाकलं नाही. फक्त मी वाढायला लागलो की ताटावर हात आडवा. ही, माझी बायको, होती तोवर ती वाढायची. सदतीस वर्षं झाली.

मी चूक केली नव्हती. आज वेळ आली तरी तेच लिहीन.

२६ फेब्रुवारी

कपाळाला हात लावायची वेळ आली आहे. अर्ज द्यायला गेलो. सहा तारखेपासून आजपर्यंत मोजले तर एकवीस दिवस भरतात. बाईंनी कॅलेंडरवर पेन्सिल टेकवत मोजलं. "छापलेला दिवस धरायचा नाही, काका. आजचाही नाही. एकोणीसच होतात."

"मग दोन दिवसांनी आणून देतो."

"जाहिरातीची मुदत आजपर्यंतच लिहिलीत ना तुम्ही? नवीन जाहिरात लागेल. परत एकवीस."

मी! किलोमागे वीस ग्रॅम पकडणारा मी! लोकांना सांगायचो, मापात रिकामं भांडं धरायचं नसतं. आणि इथे दोन रिकामे दिवस धरून बसलो. ताईला फोन केला तर ती म्हणाली, "तू ना, नेहमी दुसऱ्याचंच मोजतोस." फोन ठेवून दिला.

नवी जाहिरात २८ला. अर्ज मार्चच्या चोविसाला, कारण आधी शनिवार-रविवार. परवाना संपणार दहाला.

११ मार्च

मावशीचा परवाना काल संपला. फाइल उघडी आहे तोवर ती इथे राहू शकते, पण काम करू शकत नाही. मी बाईंना तीनदा विचारून घेतलं. "रुग्णाच्या कामात कुठल्याही प्रकारे सहभाग नको. भरवणं, उचलणं, पुसणं, काही नाही. सापडली तर कायमची बंदी, परत कधी या देशात परवाना नाही. बसून राहू दे तिला."

म्हणून मी खोलीच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची ठेवली. मावशीला म्हटलं, इथून आत पाऊल टाकायचं नाही. तिने हात मांडीवर ठेवले, काढून घेतले, परत ठेवले. दोन वर्षांत तिला नुसती बसलेली मी पाहिली नव्हती.

"दादा, मी सांगू? हात नाही लावणार. फक्त सांगणार."

यावर मी बराच विचार केला. ती मला सांगणार, अप्पांना नाही. म्हणजे रुग्णाशी थेट संबंध येत नाही. बसतं नियमात. हो म्हटलं.

सकाळी अप्पांना कुशीवर वळवताना नाकी नऊ आले. "गुडघा आधी, दादा. पाठ नाही. गुडघा." चादर माझ्याच पायात अडकली. अप्पा डोळे मिटून पडून होते. स्वतःच्या बापाला इतकं जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. मानेवर तीळ आहे.

जेवण: शून्य. संध्याकाळी चाळीस ग्रॅम!

१२ मार्च

कालचे चाळीस चुकून गेले असतील असं वाटलं होतं. आज सकाळी पंच्याऐंशी. मी वाटी दोनदा वजन केली.

१६ मार्च, रविवार

एकशे दहा. अप्पा माझ्या हातचं खाताहेत.

भरवताना मी पलंगाच्या कडेला बसतो, दाराकडे पाठ करून. समोर अप्पा, त्यांच्या मागे कपाटाचा आरसा. ते माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतात. लाजत असतील. सदतीस वर्षांनी मुलाच्या हातचा घास घ्यायचा तर नजर कुठे ठेवणार माणूस? मीही बघत नाही फारसा. मला रडू येतं आणि चमचा सांडतो.

आरशात मावशी दिसते. आज बघितलं तर भलीमोठी जांभई देत होती. बिचारी बसून बसून कंटाळते.

२४ मार्च

अर्ज दाखल. दिवस बाईंकडूनच मोजून घेतले. आता पाहणीला तपासनीस येईल, कधी ते कळवत नाहीत. न कळवता जायचं ही पद्धत मला माहीत आहे. मीही असाच जायचो.

मावशीला समजावून ठेवलं. तपासनीस माणसाचं डोकं कसं चालतं ते मी सांगतो: तो चूक शोधायला येतो. तिने उशी जरी सरळ केली तरी तो लिहील. तेव्हा त्याच्यासमोर बोलायचंसुद्धा नाही. काय करतेस विचारलं तर म्हणायचं, बसते.

"आणि दादा काय सांगणार?"

"सगळं मी करतो म्हणून. खरंच आहे ना?"

ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "दादा हुशार आहे. दादाला माहीत." ते मात्र खरं आहे.

३१ मार्च

एकशे पंचावन्न. मावशीच्या बरोबरीला आलो. पाठही दुखत नाही आता, गुडघ्यातून जोर घ्यायचा असतो, आपण उगाच कमरेतून घेतो. आंघोळ वीस मिनिटांत. अप्पांची दाढी केली, कापलं नाही. ताई फोनवर म्हणाली, "काय सांगतोस! तू?" मला इतकं बरं वाटलं की शेजारच्या खोलीत जाऊन मी उगीचच खिडकी पुसली.

मावशीने मुलीला सांगितलंय की मंजुरी आली की अजून दोन वर्षं. मुलीने फोनवर बोटांनी दोन दाखवले आणि ताट ढकललं. मावशी आ करून बसून राहिली. मुलीने खाल्लं नाही. मी दुसरीकडे बघितलं.

१ एप्रिल

आज मावशी दुपारी अर्धा तास पत्र टाकायला गेली. तेवढ्यात मी भरवून घेऊ म्हटलं. एक घास गेला नाही. अप्पांची तब्येत जरा नरम वाटते. ती आल्यावर परत प्रयत्न केला तर एकशे तीस गेले. भूक उशिरा लागली असणार.

९ एप्रिल

आला! तरुण आहे, खांद्याला पिशवी, बूट बाहेर काढून आला. मला आवडला. मी म्हटलं, आपण एकाच बिरादरीचे, मीही तपासनीस होतो. हसला.

बरोबर जेवणाच्या वेळेला आला होता. मला वाटलं, देव पावला. सगळं दाखवता येईल. मावशी खुर्चीत, हात मांडीवर. तो दारातच तिच्यापुढे उभा राहिला. अप्पांनी तोंड उघडलं नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. परक्या माणसाला बुजले असतील. मग लिहायला उजेड हवा म्हणून तो खिडकीकडे सरकला आणि अप्पांनी लगेच आ केला. एकशे साठ! विक्रम!

त्याने मावशीला विचारलं, "तुम्ही काय करता?"

"बसते."

"काका, म्हणजे हे सगळं तुम्ही एकट्याने?"

"एकट्याने. दहा मार्चपासून तिचा हात लागलेला नाही. एकदासुद्धा नाही. वळवणं, आंघोळ, भरवणं, सगळं मी." मग मी न विचारता अप्पांना कुशीवर वळवून दाखवलं, चादर न सुरकुतवता.

"छान करता हो, काका," तो म्हणाला आणि खाली मान घालून बराच वेळ लिहीत राहिला. एक ओळही नियमबाह्य सापडली नसणार त्याला. जाताना बूट घालताना म्हणाला, "वडील नशीबवान आहेत."

तो गेल्यावर मी मावशीला म्हटलं, झालं आपलं काम. ती अप्पांकडे बघत होती.

२२ एप्रिल

पत्र आलं. 'नामंजूर. मुद्दा क्र. १४: घरातील सक्षम व्यक्ती उपलब्ध. सक्षम व्यक्ती: अर्जदार स्वतः. कामगाराने सात दिवसांत देश सोडावा. अपील तीस दिवसांत.'

मी पत्र चार वेळा वाचलं. तोंडात मारल्यासारखं झालं.

खिडकीवर गेलो. बाईंनी फाइल काढली, तपासनीसाचा शेरा वाचला, चष्मा काढला. "काका, पण तुम्ही असं का दाखवलंत?"

"आम्ही नियम मोडला नाही हे दाखवायचं होतं."

"ते कुणी विचारलं होतं?"

मागे रांग होती, मी बाजूला झालो.

घरी येऊन मावशीला सांगितलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिची बॅग पलंगाखालून ओढली. मी म्हटलं, "निदान मुलीजवळ तरी जाशील." किती मूर्खासारखं बोलतो मी.

"पंधरा दिवस, दादा. मग एजंट दुसरा देश देईल. दुसरा अप्पा." ती बॅगेची चेन लावून बघत होती, अजून आत काहीच नव्हतं. "नामंजूर शिक्का म्हणजे परत रांगेत मागे. पण बंदी नाही. एक वर्षाने इथे अर्ज करता येतो. मी एजंटला विचारून ठेवलं."

"मग एक वर्षाने मी परत अर्ज करतो. दिवस नीट मोजून करतो, तू सांगशील तसा करतो."

"हो, दादा," ती म्हणाली. अप्पा सत्त्याऐंशीचे आहेत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

२८ एप्रिल

मावशी गेली. निघताना तिने उंबरा ओलांडला. एकोणपन्नास दिवसांनी. मी अडवलं नाही, आता काय राहिलं होतं? तिने अप्पांच्या डाव्या हाताची नखं बघितली, म्हणाली, "कापायला झाली." मग वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली, तिच्या भाषेत. अप्पांनी तिचा दुपट्टा मुठीत धरला. एक-एक बोट मला सोडवावं लागलं. त्यांना दोनच शब्द येतात, 'हं' आणि 'न'. ती दाराबाहेर जाईपर्यंत 'न, न, न' चाललं होतं.

मला ती म्हणाली, "दादा, खुर्ची तिथेच राहू दे." मी म्हटलं, हो, तुझी आठवण म्हणून. तिने मान हलवली, मग परत म्हणाली, "नाही. तिथेच. दादा बस त्यात." टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

रात्रीचं जेवण: शून्य.

३० एप्रिल

शून्य. शून्य. पाणी चमच्याने ओठांतून ओघळून जातं. मला सगळं येतं, वळवता येतं, आंघोळ घालता येते, फक्त ते तोंड उघडत नाहीत. माझ्या खांद्यावरून खुर्चीकडे बघत राहतात. मी रागावलो. ओरडलो त्यांच्यावर. म्हटलं, दीड महिना खाल्लंत ना माझ्या हातचं? आता काय झालं? सदतीस वर्षांचं परत उकरून काढलंत का? त्यांनी डोळे मिटले. मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

१ मे

डॉक्टर आले. म्हणाले, परवापर्यंत असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी म्हणजे तुम्ही मनाची तयारी ठेवा. ताई परवा पोचते.

मी तिला फोनवर म्हटलं, मला येत होतं गं. मी वजनं लिहून ठेवलीत.

२ मे

काल रात्रभर जागा होतो म्हणून सकाळी भरवायचा प्रयत्न सोडून दिला आणि चहा घेऊन मावशीच्या खुर्चीत जाऊन बसलो. ती बस म्हणाली होती. तिथून अप्पा सरळ समोर दिसतात. चहा पिण्याआधीच मला जांभई आली, जबडा दुखेल एवढी मोठी.

अप्पांनी तोंड उघडलं.

मी कप खाली ठेवला. परत जांभई दिली, खोटी. त्यांचे ओठ परत विलग झाले, चमच्याची वाट बघितल्यासारखे. वाटी घेऊन पलंगाशी गेलो तोवर खुर्ची रिकामी आणि ओठ मिटलेले.

ती जांभई देत नव्हती. एक दिवस नाही, एकदाही नाही. एकोणपन्नास दिवस, दिवसातून तीनदा, ती त्या खुर्चीत बसून आ करत होती आणि अप्पा तिच्याकडे बघून तोंड उघडत होते. मी मधल्या मध्ये चमचा होतो. त्यांनी मला काही माफ-बिफ केलेलं नव्हतं. माझ्या हातचं खाल्लंच नव्हतं त्यांनी. मी वाट्या मोजत बसलो आणि आरशात सगळं दिसत असताना तिला कंटाळलेली म्हटलं.

आणि ती मला काही बोलली नाही. पहिल्या दिवशी बोलली असती तर मी काय केलं असतं ते तिला पुरतं माहीत होतं. मी खुर्ची उलटी फिरवली असती.

३ मे

ताई आली. तिला सगळं सांगितलं. ती पदर खोचून म्हणाली, "मग बसलायस काय? अपील कर! खरं ते लिही. तुला येत नाही, तिच्याशिवाय ते जेवत नाहीत, तपासणीच्या दिवशीसुद्धा तीच भरवत होती. पुरावा तुझ्या वहीत आहे."

बसलो लिहायला. अपिलाच्या अर्जात कारणाला दोन ओळी आहेत. मी लिहिलं, 'अर्जदार सक्षम नाही. ११ मार्च ते २८ एप्रिल या काळात रुग्णाला प्रत्यक्षात कामगारच भरवत होती.'

दोन ओळींत मावलं. अक्षरही चांगलं आलं. मग तारीख घालताना माझा हात थांबला. ११ मार्च ते २८ एप्रिल तिला परवाना नव्हता. रुग्णाच्या कामात कुठल्याही प्रकारे सहभाग. कायमची बंदी. मी अपील जिंकणार असेन तर तिला गुन्हेगार ठरवूनच जिंकणार. म्हणजे तिला परत आणण्यासाठी तिला कायमचं बाहेर घालवायचं. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "पण लिहिलं नाहीस तर अप्पा..."

"माहीत आहे."

मी कागद घेऊन अप्पांकडे गेलो आणि त्यांना वाचून दाखवला. का ते मला सांगता येणार नाही. दुकानाचा कागद मी तेव्हा त्यांना वाचून दाखवला नव्हता, नुसता दाराला डकवला होता. त्यांनी ऐकलं. डोळे उघडे होते. शेवटच्या ओळीला म्हणाले, "न."

"नाही पाठवत," मी म्हटलं. "अप्पा, तेव्हाही नव्हतं लिहायला पाहिजे. साहेब दुसऱ्याला पाठवतो म्हणाले होते." मी कागद फाडला. नीट फाटेना, दोन-तीनदा फाडावा लागला. आयुष्यात पहिल्यांदा, डोळ्यांनी पाहिलेली चूक मी वर कळवली नाही.

खिडकीवाल्या बाईंना ही वही आता दाखवता येणार नाही.

मग उंबऱ्याबाहेरची खुर्ची उचलून आत आणली आणि पलंगाला लावली. तीत बसलो, अप्पांच्या समोर, वाटी मांडीवर. मोठा आ केला. एकसष्टाव्या वर्षी, दारात ताई उभी, आणि मी चिमणीच्या पिलासारखा तोंड उघडून बसलोय. अप्पा आधी माझ्यामागे दाराकडे बघत राहिले. तिथे ताई होती, खुर्ची नव्हती. मग नजर फिरून माझ्यावर आली आणि थांबली. मी तोंड मिटलं नाही. जबड्यात कळ आली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी मिटलं नाही.

त्यांनी ओठ उघडले, अगदी थोडे. अर्धा चमचा आत गेला, अर्धा टॉवेलवर सांडला. गिळला. दुसऱ्याला ओठ मिटले, "न" म्हणाले आणि झोपले. डॉक्टर सकाळी नळी घेऊन येणार आहेत, ते काय म्हणतील माहीत नाही.

वाटी तशीच धुतली. वजन केलं नाही.